वकिलाचा खर्च आणि अशिलाची तारीख

गोराईच्या माणसाला कोर्टात जावयाचे म्हणजे प्रथम खाडी ओलांडावी लागते. लाँचने बोरिवलीच्या बाजूस उतरावयाचे, रिक्षाने स्टेशन गाठावयाचे, तेथून लोकलने वांद्रे; आणि कामगार न्यायालयात पोचल्यावर पुकारा होण्याची वाट पाहत बाकावर बसावयाचे. दुपारी कळते की पुढची तारीख पडली. एक दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे आणि वकिलाची त्या तारखेची फी, एवढे देऊन माणूस रिकाम्या हाताने घरी येतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही तीस वर्षे कामगारांबरोबर ही पायरी चढत आलो आहोत. आमचा अनुभव असा की, ही म्हण पायरी न चढताही ज्याचे भागते त्याच्यासाठी आहे. ज्याला एका सकाळी कारखान्याच्या फाटकावर अडवले, ज्याची ग्रॅच्युइटी मालकाने दाबून ठेवली, त्याने शहाणपण करून घरी बसावे तर चूल कशावर पेटवावी?

मग सगळा दोष वकिलाच्या लोभावर टाकण्यात येतो. लोभी माणसे सर्वच धंद्यांत असतात. तेवढ्याने उलगडा होत नाही. वकिलाच्या कचेरीलाही भाडे आहे, कारकुनाचा पगार आहे, टंकलेखनाचा आणि पुस्तकांचा खर्च आहे. हा खर्च आजवर कोणाच्या खिशातून निघाला, हे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. कचेरीवर पडलेला पैशाचा ताण कचेरीत राहत नाही. तो खाली उतरत उतरत, ज्याला हिशेब विचारता येत नाही अशा अशिलापाशी येऊन थांबतो.

मुंबईत १८२३ च्या सनदेने सुप्रीम कोर्ट आले आणि १८६२ मध्ये त्याच्या जागी हायकोर्ट स्थापन झाले. या कोर्टाच्या मूळ शाखेत दुहेरी पद्धत होती. अशिलाने प्रथम सॉलिसिटरकडे जावयाचे. सॉलिसिटरने कागदपत्र तयार करून ब्रीफ बॅरिस्टराच्या हाती द्यावयाचे. आणि बॅरिस्टराने कोर्टापुढे उभे राहावयाचे. क्रॉफर्ड बेली ही पेढी १८३० ची, लिटल आणि कंपनी १८५६ ची. अशा पेढ्यांचा संसार व्यापारी कंपन्या, गिरण्या आणि सरकार यांच्या कामावर उभा राहिला. या पद्धतीच्या बाजूने बोलणारे म्हणत की, एकाचे काम दुसरा तपासतो आणि दावा काटेकोर होतो. त्यात तथ्य होते. परंतु दोन कचेऱ्यांचा खर्च एकाच अशिलाच्या माथी बसे, हेही तितकेच खरे होते. गिरणीच्या मालकाला तो जाणवत नसे. गिरणीतल्या साचेवाल्याला मात्र त्या दारात उभेच राहता येत नसे. ही सक्तीची दुहेरी पद्धत १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने संपली आणि १ जानेवारी १९७७ पासून मुंबई-कलकत्त्याचे वकीलही देशातल्या इतर वकिलांसारखेच झाले.

जी व्यवस्था मोठ्या अशिलाच्या मापाने शिवलेली होती, तिच्यात नवशिक्या वकिलाचे काय होत होते? याची साक्ष खुद्द गांधीजींनी आत्मकथेत देऊन ठेवली आहे. १८९१ मध्ये विलायतेहून परतल्यावर त्यांनी मुंबईत वकिली मांडली. स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिला दावा मिळाला तेव्हा दलालाने कमिशन मागितले. गांधीजींनी ते साफ नाकारले. महिन्याला तीनचार हजार मिळवणारे नामांकित वकीलही देतात, असे त्यांना सांगण्यात आले. तरी ते बधले नाहीत. त्या दाव्याची फी तीस रुपये होती. उलटतपासणीस उभे राहिल्यावर त्यांना प्रश्नच सुचेना. ते खाली बसले आणि फी परत घेऊन दुसरा वकील करावा असे त्यांनी सांगितले. त्या दुसऱ्या वकिलाची फी एकावन्न रुपये पडली. सुमारे सहा महिन्यांत खर्च झेपेना म्हणून मुंबईचे बिऱ्हाड मोडून गांधीजी राजकोटला गेले. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. राजकोटला काम मिळवून देणाऱ्या वकिलांना कमिशन द्यावे लागे, आणि तेथे आपण ते दिले, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे.

मुंबईत जे नाकारले ते राजकोटला द्यावे लागले, तेही गांधीजींना! मग सामान्य वकिलाची काय कथा? आणि हे कमिशन शेवटी भरतो कोण? फीच्या आकड्यात ते आधीच मिसळलेले असते. अशिलाला फक्त आकडा दिसतो.

आजही उपनगरातला बहुतेक वकील एकटा किंवा एखाद्या कनिष्ठाबरोबर काम करतो. कंपन्यांची बांधलेली कामे मोठ्या पेढ्यांकडे जातात. याच्या वाट्याला भाडेकरू, घटस्फोट, अपघात आणि बडतर्फी येते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, न्यायालयांचे नेहमीचे कामकाज थांबले आणि लोकलगाड्या सामान्य माणसाला बंद झाल्या, तेव्हा तारखेवर जगणाऱ्या या वकिलाची मिळकत थांबली. कचेरीचे भाडे थांबले नाही. या माणसाची आम्हांस कणव आहे. पण फी जर तारखेगणिक ठरली असेल, तर दावा लवकर संपण्यात अशिलाचे हित आणि वकिलाचे नुकसान, असा उलटा हिशेब होतो. प्रामाणिक वकीलही या हिशेबातून सुटत नाही.

तारखेऐवजी मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवावा, असे अनेकांना वाटते. हातात रोकड नसलेल्या माणसाला तो मार्ग सोयीचाही दिसतो. परंतु निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघाताच्या भरपाईत टक्केवारी मागणे गैर ठरवले. वकीलच दाव्याचा भागीदार झाला, तर तडजोड कधी करावी हे तो कोणाच्या हिताने सांगणार?

एक प्रसंग आमच्या अंगावरचा आहे. बंद पडलेल्या एका छोट्या कारखान्यातील कामगारांचे कागद एका वकिलाने बाकी फीसाठी अडवून धरले. नेमणुकीची पत्रे, हजेरीची कार्डे, सारे त्याच्या कपाटात. लोकांजवळ पैसा नाही, आणि कागद नाहीत म्हणून दुसरा वकील हात लावीना. आम्ही त्या वेळी वर्गणी काढून पैसे भरले व कागद सोडवले. नंतर वाचनात आले की, सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच निकाल दिला होता: फी थकली तर वकिलाने वसुलीचा दावा करावा, अशिलाचे कागद मात्र अडवता येणार नाहीत. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेचे ते प्रकरण होते. बँकेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता आले. आमच्या लोकांना तो निकाल आहे हेदेखील ठाऊक नव्हते. आम्हांलाही नव्हते, हे सांगताना संकोच वाटतो.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. मुंबईत १९२४ मध्ये लीगल एड सोसायटी निघाली. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला, आणि तो अंमलात यावयास ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. या कायद्याच्या बाराव्या कलमात स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना, मिळकत कितीही असो, मोफत वकील मागण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे गोराईची मासे विकणारी बाई आणि तिचा कारखान्यात जाणारा मुलगा, दोघेही त्यात बसतात. त्यांच्यापैकी किती जणांनी तो अर्ज पाहिला आहे?

कामगार चळवळीने आपल्यापुरती वेगळी वाट काढली. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात संघटनेच्या पदाधिकाऱ्याने कामगाराची बाजू मांडावी आणि न्यायाधिकरणापुढे वकील आणावयाचा तर विरुद्ध पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी घ्यावी, अशी तरतूद झाली. त्यामुळे आमच्यासारखी शाळा अर्धवट सोडलेली माणसे कायद्याची पुस्तके वाचावयास लागली. जेथे वकील हवाच होता तेथे त्याची फी वर्गणीतून, सर्वांसमक्ष ठरवून, पावती घेऊन दिली. वकिलाची घासाघीस केली नाही, कारण त्याच्या कचेरीलाही भाडे आहे हे आम्ही जाणतो. पण खर्च उघड झाला आणि शंभर जणांत वाटला गेला, म्हणून एकट्याच्या पाठीवर बसला नाही.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी फी कागदावर लिहून घ्या. दिलेल्या पैशाची पावती मागा. मूळ कागदाची नक्कल घरी ठेवा. आणि खाडी ओलांडून एकटे जाऊ नका. लाँचमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचीही तीच तारीख असण्याचा संभव असतो.