स्वस्त छोटी कार किती सुरक्षित? घेण्याआधी हे तपासा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात बजेटमधली कार बघताना मायलेज आणि हप्ता सगळेच विचारतात. सुरक्षितता कशी तपासायची?

स्टार रेटिंग म्हणजे काय?
'भारत एनकॅप' ही सरकारी योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. गाडी समोरून ताशी ६४ किमी वेगाने आदळवतात, बाजूच्या धडकेचीही चाचणी होते. मोठ्यांच्या सुरक्षेला ३२, मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण मिळतात. दोन्ही रेटिंग वेगवेगळी बघा. चाचणी ऐच्छिक असल्याने प्रत्येक मॉडेलला रेटिंग असतेच असे नाही.

एअरबॅग असली की झाले?
नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या गाड्या तपासल्या. टाटा नॅनो आणि चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो, दोघींना शून्य स्टार मिळाले. मात्र पोलोचा सांगाडा टिकला; दोन एअरबॅगवाल्या पोलोने चार स्टार मिळवले. नॅनोचा सांगाडाच कमकुवत ठरला. म्हणून रेटिंग कोणत्या व्हेरिएंटचे, कोणत्या वर्षीचे, हे बघा.

सेकंडहँड घेताना?
एमएच-०५ पासिंगची जुनी गाडी घेताना आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची २०२२ पासून सर्व नव्या कारना सक्तीची आहे. त्याआधीच्या बेसिक मॉडेलमध्ये ती नसू शकते. एअरबॅगचा इशारा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझायला हवा.

मागच्या सीटचे पट्टेही ओढून बघा. मुले तिथेच बसतात.