एकोणचाळीस मिनिटांचा तंटा

मोजमाप हा विज्ञानाचा पाया आहे, आणि सर्व मोजमापांत काळाचे मोजमाप सर्वांत कठीण. कापड गजापुढे स्थिर राहते, धान्य तराजूत पडून राहते. काळ मात्र कोणासाठी थांबत नाही. तो मोजावयाचा तर निसर्गात नियमाने पुनःपुन्हा घडणारी एखादी घटना निवडावी लागते व तिची आवर्तने मोजावी लागतात. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे आणि लंबकाचे झोके ही अशीच आवर्तने होत. हे तत्त्व पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपते. परंतु ज्या गिरणगावात आमची काळाचौकी वसली आहे, त्या गिरणगावातील कामगारांच्या इतिहासात याच प्रश्नावरून संप आणि दगडफेक झाल्याची नोंद आहे.

प्रथम गणित पाहू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटे लागतात. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेस सुमारे ७२ अंश ५० कला इतक्या अंतरावर आहे. यास ४ ने गुणले असता ४ तास ५१ मिनिटे येतात. ग्रिनिचच्या इतकी पुढे असलेली जी वेळ, तीच जुनी ‘मुंबई वेळ’. १८२६ साली स्थापन झालेल्या कुलाब्याच्या वेधशाळेचे एक प्रमुख कार्य अचूक वेळ ठरविणे हेच होते. कारण भर समुद्रात रेखांश काढण्यासाठी जहाजांना बिनचूक घड्याळ लागे.

आगगाडी आली आणि अडचण उभी राहिली. प्रत्येक शहराची वेळ निराळी असेल तर गाड्यांचे वेळापत्रक करावयाचे कसे? म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. ती मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच वेळ मुंबई शहरावर लादून पाहिली. परंतु लोकांनी विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेब्याऐंशी अंश रेखांशावरील वेळ, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ, प्रमाणवेळ म्हणून अमलात आणली. त्यामुळे घड्याळे एकाएकी ३९ मिनिटे पुढे गेली.

त्याच जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम थांबविले व गिरण्यांवर दगड फेकले. वरवर पाहता हे अडाणीपणाचे वाटेल. तथापि त्या कामगाराच्या जागी उभे राहून पाहावे. गिरण्यांत विजेचे दिवे येईपर्यंत काम साधारणपणे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. दिवस लांब असला तरी त्याचे माप आकाशात होते. मालक आणि मजूर दोघांनाही ते सारखेच दिसे. दिवे आले आणि हे माप आकाशातून उतरून गिरणीच्या भिंतीवरील घड्याळात गेले. प्रौढ पुरुषाने किती तास राबावे यास कायद्याची मर्यादा तेव्हा नव्हती. कापड गिरण्यांसाठी १२ तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. अशा स्थितीत सूर्य होता तेथेच असताना ३९ मिनिटे आधी हजर व्हा, असे सांगण्यात आले. कामगारांचा रोष सूर्यावर नव्हता, गणितावरही नव्हता; आपणास न विचारता बदललेल्या मापावर होता. शहराच्या महापालिकेनेही जुनी वेळच चालू ठेवली, आणि ती १९५५ पर्यंत टिकली.

यात खरे कोण? आमच्या मते मोजमापाचे येथे दोन भाग पाडले पाहिजेत. पृथ्वी किती वेगाने फिरते हा निसर्गाचा प्रश्न आहे. त्याचा निकाल निरीक्षणाने लागतो, बहुमताने नव्हे. गणना कोठून आरंभावी व कोणते एकक घ्यावे, हा माणसांमधील करार आहे. करार संमतीने होतो, हुकुमाने नव्हे. खुद्द ‘मुंबई वेळ’ही निखळ निसर्गाची नव्हती. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे. यामुळे सूर्य रोज ठीक एकाच वेळी मध्यान्ही येत नाही. म्हणून वर्षाची सरासरी काढूनच ती वेळ ठरविलेली होती.

ख्रिस्तसभेलाही हा अनुभव आहे. जुन्या पंचांगाचे वर्ष खऱ्या सौरवर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. शतकानुशतके ही मिनिटे साठत गेली व पास्काचा सण ऋतूपासून ढळू लागला. येशूसंघीय गणिती क्रिस्तोफर क्लाव्हियस यांच्यासारख्या विद्वानांच्या साह्याने पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारणा केली. ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर ठरला. गणित बरोबर होते, तरीही इंग्लंडने ते मान्य करावयास १७५२ साल उजाडले. सत्य सिद्ध होण्यास पुरावा लागतो. ते सर्वांच्या व्यवहारात उतरण्यास विश्वास लागतो.

पालकांनी मुलांकडून एक प्रयोग अवश्य करून घ्यावा. चाळीच्या गच्चीवर किंवा चर्चच्या आवारात सरळ काठी उभी करावी व भर दुपारी दर दोन मिनिटांनी तिच्या सावलीचे टोक खडूने आखावे. सावली सर्वांत आखूड होते ती खरी मध्यान्ह. फेब्रुवारीच्या मध्यास ती १२ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास येईल, नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास. वर्षाची सरासरी निघेल १२ वाजून ३९ मिनिटे. दुपारच्या देवदूत-प्रार्थनेची घंटा बाराला वाजते, तेव्हा काळाचौकीवरचा सूर्य अजून माथ्याच्या वाटेवरच असतो. गिरणी कामगारांची ती ३९ मिनिटे आजही त्या सावलीत मोजता येतात.

१९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर आधारलेली आहे, आणि भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते. माप इतके सूक्ष्म झाले, तरी त्याचा धर्म बदललेला नाही. जुन्या करारातील नीतिसूत्रांनी खोट्या तराजूचा निषेध केला तो धान्यापुरता नव्हे. दुसऱ्याचा वेळ मोजून घेणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गिरणीमालक असो वा घरकामास बाई ठेवणारे आपले कुटुंब असो, तो लागू आहे. घड्याळ दोघांना दिसेल अशा जागी टांगावे आणि त्याचे काटे दोघांच्या संमतीनेच हलवावेत.