रस्ता कोणाच्या बापाचा?

नेदरलँड म्हटले की आपल्याकडच्या सुशिक्षितांना सायकली आठवतात. "तिथली संस्कृतीच वेगळी हो, लोकांना शिस्त आहे," असे म्हणून ते मोकळे होतात. संस्कृतीचे कारण पुढे केले की इतिहास बघावा लागत नाही. ही युक्ती आम्हाला नवी नाही. जातीचा प्रश्न काढला की हेच उत्तर आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहे. म्हणून हा इतिहास मांडणे भाग आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात पैसा आला, पाठोपाठ मोटारी आल्या. रस्ते रुंद करण्यासाठी घरे पाडली गेली, जुने चौक पार्किंगला दिले गेले, सायकलवाले आणि पायी चालणारे कडेला रेटले गेले. 1971 साली सुमारे एक कोटी तीस लाख लोकवस्तीच्या त्या देशात 3,200 हून अधिक माणसे रस्त्यावर मेली. त्यांत 400 हून अधिक लहान मुले होती. कुठे होती तेव्हा ती संस्कृती?

ॲमस्टरडॅममध्ये 'द पाइप' नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात कामगारांसाठी बांधलेली दाटीवाटीची वस्ती, अरुंद गल्ल्या, अंगण नाही, मैदान नाही. मुलांना खेळायला गल्लीच, आणि ती गाड्यांनी भरलेली. या वस्तीतल्या मुलांनी 1972 च्या सुमारास स्वतः सह्या गोळा केल्या, गल्ली गाड्यांना बंद करा अशी मागणी केली. मोठी माणसे त्यांच्या मागे उभी राहिली. रस्त्यावर आडवे अडथळे टाकले गेले, चिडलेल्या गाडीवाल्यांशी बाचाबाची झाली. त्या काळी दूरचित्रवाणीसाठी या मुलांवर केलेला माहितीपट आजही बघायला मिळतो. तो जरूर बघा. त्यातली मुले कोणापुढे हात जोडत नाहीत, ती हिशेब मागतात.

त्याच वर्षी फिक लांगेनहॉफ या पत्रकाराने वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याची मुलगी रस्त्यावरच्या अपघातात गेली होती. लेखाच्या शीर्षकाचा अर्थ होता 'बालहत्या थांबवा', आणि तेच पुढे संघटनेचे नाव झाले. शब्दाकडे लक्ष द्या. 'अपघात' म्हटले की दोष कोणाचाच नसतो, फार तर नशिबाचा. 'हत्या' म्हटले की मारणारा कोण हे विचारावेच लागते. नाव बदलले की प्रश्न बदलतो, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना समजावून सांगायला नको. मार्टये व्हान पुटन ही तरुण आई संघटनेची पहिली अध्यक्ष झाली. पुढे ती युरोपीय संसदेत गेली. या लोकांनी सायकल मोर्चे काढले, जिथे माणसे मरत होती ते चौक अडवले, आणि नुसता विरोध न करता रस्ते कसे हवेत याचे आराखडेही मांडले. डेल्फ्ट शहरात गल्लीलाच अंगण मानण्याचा प्रयोग आधीच सुरू झाला होता. तिथे गाडीने माणसाच्या चालीने चालायचे आणि पायी माणसाने हवे तर रस्त्याच्या मधून चालायचे. 1976 मध्ये त्याला कायद्याचे रूप मिळाले. 1973 च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवार गाड्या बंद ठेवल्या, त्याचाही या लढ्याला हातभार लागला, हे मान्य केले पाहिजे. आज लोकसंख्या वाढूनही तिथले वार्षिक मृत्यू सातशेच्या आसपास आहेत. सीट बेल्ट, हेल्मेट, दारूबंदीचे नियम हेही त्यामागे आहेत. पण घराजवळच्या गल्ल्या बदलल्या त्या रहिवाशांच्या रेट्यामुळे.

आता आपल्याकडे या. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यांवर अस्पृश्यांनी कसे चालायचे हे बाबासाहेबांनी 1936 साली लिहून ठेवले आहे. त्रावणकोरमध्ये वैकमच्या मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे म्हणून 1924 मध्ये सत्याग्रह करावा लागला, आणि वीस महिन्यांनी तीन बाजूंचे रस्ते उघडले, पूर्वेचा बंदच राहिला. महाडला 1927 मध्ये आपली माणसे मिरवणुकीने तळ्यावर गेली तेव्हा रस्ताही त्यांनी आपला केला. संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्या जोडीला 'रस्ते' हा शब्द आहे. तो सहज पडलेला नाही.

जातीची बंदी आणि मोटारीची दहशत एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे वैकमच्या लोकांचा अपमान ठरेल. पण "बाजूला हो" हा हुकूम अजून त्याच माणसाला मिळतो. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत पायी चालणारे 32 हजारांहून अधिक. महामार्ग वस्तीच्या मधून जातो, बंगल्यांच्या मधून नाही. मेलेल्यालाच विचारतात, रस्ता बघून का नाही ओलांडला?

आमच्या वस्तीतल्या बायकांनी शाळेसमोर गतिरोधक मागणारा अर्ज दिला. साहेबांनी विचारले, "कोणी मेलंय का तिथे?" नाही म्हटल्यावर अर्ज बाजूला पडला. आता शाळा भरताना आणि सुटताना किती गाड्या जातात याची मोजणी सुरू आहे. वही आठवीतल्या मुली सांभाळतात. पुढच्या अर्जाला ती वही जोडायची आहे.