लोकरीला चिकटलेला पुरावा

व्यापाराचा इतिहास लिहिताना आपण चोपड्या, जकातीची कागदपत्रे आणि बंदरांच्या नोंदी धुंडाळतो. लोकरीच्या व्यापाराने यांखेरीज आणखी एक पुरावा मागे ठेवला आहे: एका रानवट शेंगेचा. आकड्यांची ही शेंग इतिहासकाराला काय सांगू शकते आणि काय नाही, हे मला येथे तपासायचे आहे.

मेडिकागो लॅसिनिआटा ही आपल्या लसूणघासाची वाळवंटी बहीण. सहारापासून नेगेव आणि अरबस्तानापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात ती हिवाळी पावसावर उगवते, इवलीशी पिवळी फुले धरते आणि उन्हाळ्याआधी वाळून जाते. मागे राहते ती गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी शेंग. तिच्या कडेला आकडेदार काटे असतात. आपल्याकडे कुसळे धोतराला चिकटतात, तशी ती मेंढीच्या लोकरीत गुंतते. आतल्या बियांचे कवच इतके टणक, की पाणी सहजी शिरत नाही. त्यामुळे एका पावसात सगळ्या बिया रुजत नाहीत, काही पुढल्या वर्षांसाठी शिल्लक राहतात. मध्य नेगेवसारख्या प्रदेशात वर्षाला 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बेभरवशाचा. तिथे ही शिल्लकच वंश टिकवते.

मेंढपाळाच्या लेखी ही वनस्पती चारा. गिरणीवाल्याच्या लेखी तिची शेंग म्हणजे घाण. शेंगांनी भरलेल्या लोकरीचा भाव पडतो. पुढे असा कचरा सौम्य गंधकाम्लाने जाळून काढण्याची रीत आली.

लोकर धुतली जाई तिथे मात्र हा कचरा उगवू लागला. फ्रान्समध्ये मॉंपेल्येजवळ लेझ नदीकाठच्या पोर जुव्हेनाल येथे परदेशी लोकर धुऊन वाळत घालीत. तिथे उगवलेल्या परक्या वनस्पतींवर गोद्रों यांनी 1853 मध्ये 'फ्लोरुला जुवेनालिस' लिहिले. स्कॉटलंडमधील गॅलाशील्सच्या गिरण्यांखालच्या नदीकाठावर आयडा हेवर्ड यांनी अशाच वनस्पती गोळा केल्या. ड्रूस यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ 1919 मध्ये निघाला. ब्रिटनमध्ये लोकरीबरोबर आलेल्या वनस्पतींत आपल्या या वाळवंटी शेंगेचीही नोंद आहे.

म्हणून ती लोकर सहारातून किंवा नेगेवमधून आली, असे म्हणावे काय? मला ते घाईचे वाटते. ही वनस्पती ऑस्ट्रेलियातही जाऊन रुजली आहे, आणि गॅलाशील्सला लोकर येई ती ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा दूरच्या प्रदेशांतून. शेंगेचे मूळ गाव वेगळे, गठ्ठा भरला ते गाव वेगळे. एकटीदुकटी शेंग त्यामुळे फारसे सांगत नाही. तिच्याबरोबर उगवलेला सारा घोळका पाहिला, तरच गठ्ठ्याची वाट उमगते. हेवर्ड यांनी एखाद-दुसरी दुर्मीळ वनस्पती टिपून न थांबता सगळी यादी केली, याचे मोल इथे कळते. चोपडीत व्यापाऱ्याने विकलेला माल सापडतो. त्याने विकत घेतलेला, पण मोजायला नको असलेला माल नदीकाठी सापडतो.