खग्रास ग्रहण आणि कल्याणचा फलाट

२०२० सालच्या डिसेंबरातील २१ तारखेची संध्याकाळ वाचकांच्या स्मरणात असेल. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील कित्येक कुटुंबे त्या दिवशी इमारतींच्या गच्चीवर उभी होती. नैर्ऋत्येच्या क्षितिजावर गुरू आणि शनी हे दोन ग्रह इतके निकट आले होते, की त्यांच्यातील अंतर चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढेच उरले होते. तोंडावर मुखपट्टी होती, शेजाऱ्यापासून चार हात दूर उभे राहायचे होते, आणि दुसऱ्या रात्रीपासून महापालिकांच्या हद्दीत संचारबंदी लागू होणार असल्याची वार्ता नुकतीच आली होती. त्या वर्षी नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आम्हांला संध्याकाळीच अर्पण करावी लागली. जमिनीवर साथ आणि आकाशात नवल, असा योग आपल्या परिसराने यापूर्वीही एकदा अनुभवला आहे. त्याची कथा सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात काही रुग्ण तापाने आणि गाठींनी दगावू लागले. हा ग्रंथिज्वर, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान प्रथम केले ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. गोव्यातील हडफडे गावचा हा ख्रिस्ती सुपुत्र. त्यांच्या निदानावर आरंभी अनेकांचा विश्वास बसला नाही. परंतु काही आठवड्यांतच शहर ओस पडू लागले आणि लाखो माणसे गावाकडची वाट धरू लागली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा संमत केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात जो कायदा पुन्हा लागू झाला, तो हाच.

मुंबईतून बाहेर पडणाऱ्या माणसांची मुख्य वाट कल्याणवरून जात होती. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत लोहमार्ग झाला होता. कल्याणला त्याचे दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याच्या घाटाने उत्तरेस, दुसरा बोरघाटाने पुण्याकडे. त्यामुळे देशाच्या अंतर्भागाचे दार राखण्याचे काम आपसूकच या जंक्शनकडे आले. मुंबईहून आलेल्या प्रवाशांना तेथे उतरवून तपासण्यात येई. नाडी पाहायची, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपायचे, संशय आला की कुटुंबापासून दूर करायचे. स्त्रियांना या तपासणीची जी लाज आणि धास्ती वाटे, तिची कल्पना आजही करता येते. पुण्यात तर घराघरांत शिरून झालेल्या झडतीने लोक संतप्त झाले आणि जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

याच भयग्रस्त काळात जगभरच्या ज्योतिर्विदांची दृष्टी महाराष्ट्राकडे लागली होती. शनिवार, २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण होणार होते आणि चंद्राची छाया विजयदुर्गच्या किनाऱ्यावरून देशात शिरणार होती. ठाणे-कल्याणकरांना ते खंडग्रासच दिसणार होते. परंतु मुंबई बंदरात उतरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर किंवा वऱ्हाडातील तळणी गाठायची, तर आगगाडीचा मार्ग कल्याणवरूनच होता. ज्या फलाटावर मुलेबाळे घेऊन माणसे तपासणीसाठी तिष्ठत होती, त्याच स्थानकावरून दुर्बिणी आणि छायाचित्रणाच्या काचा पुढे गेल्या.

जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आले. तेथेच पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपला तळ दिला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभारलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेचे ते संचालक. तिची वीस इंची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. तळणी येथे अ‍ॅनी माँडर या विदुषीने सूर्याच्या प्रभामंडळातील एका अतिशय लांब किरणशलाकेचे छायाचित्र मिळवले. बिहारमधील डुमराव येथे बंगालच्या येशूसंघीय धर्मगुरूंनीही वेध घेतले. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकियर यांच्या मदतीस ‘मेलपोमीनी’ या युद्धनौकेवरील खलाशी होते. किल्ल्यावरील ‘साहेबाचे कट्टे’ त्या भेटीची खूण म्हणून आजही दाखवले जातात.

येथे एक गैरसमज दूर करणे आम्हांस इष्ट वाटते. हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्गावर लागला, असे वारंवार लिहिले जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे होते, तर लॉकियर इंग्लंडमध्ये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लॉकियर यांनी तेथूनच सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा पाहिली. ते विजयदुर्गास आले, ते तीस वर्षांनी. विजयदुर्गचा मान त्यामुळे कमी होत नाही. जे घडले तेही पुरेसे थोर आहे.

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून विभागला की त्यातील रेषा त्या ताऱ्यातील मूलद्रव्ये सांगतात. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत रोमचे येशूसंघीय फादर अँजेलो सेक्की अग्रभागी होते. १८६० नंतरच्या दशकात त्यांनी ताऱ्यांची वर्णपटांवरून वर्गवारी केली. १८९८ च्या ग्रहणात खग्रास अवस्था लागताना आणि सुटताना क्षणभर लखलखणाऱ्या रेषांची छायाचित्रे टिपली गेली आणि सूर्याच्या पातळ बाह्य थराची घटना अधिक स्पष्ट झाली.

आता विरोधाभास पाहा. जानेवारी १८९८ मध्ये पंधरा कोटी किलोमीटरांवरील सूर्यात कोणते वायू तापले आहेत, हे माणूस सांगू शकत होता. प्लेगचे जंतूही १८९४ साली हाँगकाँग येथे सापडले होते. परंतु ते माणसापर्यंत पोहोचतात कसे, हे कल्याणच्या फलाटावर कोणालाही ठाऊक नव्हते. ग्रहणानंतर काही महिन्यांनी, जून १८९८ मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरावरील पिसवा हा रोग पसरवतात, असे दाखवून दिले. आणि तेही पुढील कित्येक वर्षे कोणी मानले नाही. फलाटावर माणसांची अंगे चाचपली जात होती आणि धान्याच्या पोत्यांतून उंदीर व पिसवा निर्वेध प्रवास करीत होत्या. ज्या माताभगिनींनी तेथे अपमान सोसला, त्यांचा तो अपमान बव्हंशी निष्फळ होता. इतिहास वाचताना आम्हांस सर्वाधिक बोचते ते हेच.

आमच्या पिढीनेही काही निराळे केले नाही. २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी दिवसभर गॅलरीत ठेवली. विषाणू मात्र बंद खोलीतील हवेतून पसरत होता. मार्चमध्ये लोकलगाड्या थांबल्या. जुलैत ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा टाळेबंदी झाली. जवळचे आप्त गेले तरी अंत्यविधीला मोजकीच माणसे जाऊ शकली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षे वेध घेतल्याबद्दल गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना, पेनरोझ यांच्या समवेत, नोबेल पारितोषिक जाहीर झाले. दूरचे पुन्हा एकदा आधी उमगले, जवळचे उशिरा.

याचा अर्थ विज्ञान व्यर्थ आहे, असा कोणी घेऊ नये. अज्ञान हा दोष नव्हे. अज्ञान असताना दाखवलेला अधिकाराचा ताठा हा दोष होय. डॉ. व्हिएगस गल्लीबोळांतील रुग्णांच्या उशाशी गेले, म्हणून त्यांना रोग ओळखता आला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. त्यांना पिसवांची वार्ता नव्हती. दुखणाईत माणसाला एकटे सोडायचे नसते, एवढे मात्र त्या जाणून होत्या.

प्लेगच्या काळात मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांत लोकांनी ठिकठिकाणी क्रूस उभारले आणि त्यांच्यापुढे संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना केली. त्यांपैकी कितीतरी क्रूस आजही उभे आहेत. तेथून जाताना क्षणभर थांबावे, ज्यांना नाव-गाव विचारून फलाटावरून बाजूला नेले आणि जे परतले नाहीत त्यांची आठवण करावी, आणि २०२० साली आपण ज्यांना निरोपही देऊ शकलो नाही, त्यांची नावे त्याच प्रार्थनेत घ्यावी.