सात हाली, सहा कलदार

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला इतिहासावर बोलण्यास सांगितले, तेव्हा आम्ही थोडे चपापलो. आमचे आयुष्य हमाल आणि जिनिंगच्या मजुरांच्या संघटनेत गेले. पदवी आमच्यापाशी नाही. जे वाचले ते दिवसाचे काम आटोपल्यावर. पण राजेरजवाड्यांच्या तारखांना जसा इतिहास असतो, तसा मजुराच्या कनवटीच्या पैशालाही असतो. आमच्या परभणी जिल्ह्यापुरता तो चार शब्दांत सांगता येतो: सात हाली, सहा कलदार.

1948 च्या सप्टेंबरापर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा रुपया स्वतःचा, त्यावर चारमिनारचे चित्र. 1918 पासून नोटाही स्वतःच्या. या नाण्याला लोक हाली सिक्का म्हणत. हाली म्हणजे चालू. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. ‘कल’ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. पुढे हालीही यंत्रावरच पाडू लागले, परंतु नाव चिकटले ते चिकटले. हिंगोली 1999 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. तिकडे पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागे, आणि वऱ्हाडचा कारभार 1853 पासून इंग्रजांच्या हाती होता. नदीच्या अलीकडे हाली, पलीकडे कलदार, आणि मध्ये करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. बैल तेच, गाडी तीच, बोलीही जवळपास तीच; रुपया मात्र निराळा.

सातास सहा हे प्रमाण कोठून आले? कलदार 180 ग्रेन वजनाचा, आणि त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी 165 ग्रेन. हाली वजनाला हलका आणि चांदीलाही कमी. त्यात शुद्ध चांदी सुमारे 141 ग्रेन. आता 165 चे सात भाग करून सहा घ्या, 141 च्या आसपासच येतात. पुढे दोन्ही रुपयांतील चांदी घटली, तरी प्रमाण राहिले. कारण ते आता सरकारी शब्दावर उभे होते. शंभर कलदारांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, असा तो हिशेब. त्याआधीच्या काळात हा भाव खालीवर होई, आणि बदलून देताना सराफ आपला बट्टा कापून घेई.

बट्ट्याचा भार कोणावर पडतो, हा आमचा खरा विषय आहे. गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत रेल्वे झाल्यावर परभणी, सेलू, मानवत येथला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. मुंबईचा भाव कलदारात. येथला शेतसारा आणि मजुरी हालीत. दोन्ही भाषा येणारा दुभाष्या जसा मध्ये बसून आपले साधून घेतो, तसा दोन्ही रुपयांचा हिशेब येणारा मध्ये बसला. ज्याला तो येत नव्हता, तो दुसऱ्याच्या पाटीवरच्या आकड्याला मान डोलवी.

आम्ही तरुण होतो तेव्हा आमच्या संघटनेत एक वृद्ध हमाल होते. पोरवयात ते कामासाठी पैनगंगेपलीकडे जात. त्यांनी आम्हाला हे गणित कागदाविना, चिंचोक्यांवर शिकवले. सात चिंचोके हालीचे, सहा कलदारचे, समोरासमोर दोन रांगा. मग विचारीत, “कलदारची हाली करायची, तर किती वाढवाल?” आम्ही म्हणालो, सहावा हिस्सा. “बरोबर. आता हालीची कलदार करायची, तर किती कमी कराल?” आम्ही पुन्हा म्हणालो, सहावा हिस्सा. म्हातारबुवा हसले. “इथेच आमच्या मुकादमाने मला वर्षभर बुडवले!” म्हणाले.

करून पाहा. 42 हालींचे कलदार 36 होतात. सातवा हिस्सा, म्हणजे सहा, कमी. सहावा हिस्सा कापला तर हाती 35 येतात. एक रुपया गेला, आणि कापणारा प्रामाणिक चेहऱ्याने म्हणू शकतो, “वाढवताना सहावा, तर कापतानाही सहावाच!” जाण्याची आणि येण्याची वाट एकच, पण पावले सारखी नाहीत. हे ज्याला उमगले, त्याला त्रैराशिक उमगले.

दुसरा फटका याहून सूक्ष्म होता. विलीनीकरणानंतर, 1950 च्या दशकात हाली व्यवहारातून हळूहळू गेली. 28 हाली पगाराच्या माणसाला 24 कलदार मिळाले, तर हिशेबाने त्याचे काहीच गेले नाही. पण दुकानात ज्या जिनसेला एक हाली पडे तिला एक कलदार मागितला गेला, तर मजुरी न कापताच सातवा हिस्सा उडाला. म्हणून मजुरीचा आकडा ऐकताच ‘किती?’ विचारण्याआधी ‘कोणता रुपया, आणि त्याला काय मिळते?’ हे विचारले पाहिजे.

हा जुना विषय आज कशाला उकरला, असे कोणी म्हणेल. आमच्या रात्रीच्या वर्गात आखातात कामाला निघालेली मुले येतात. ज्या आखातात 1960 च्या दशकापर्यंत आपलाच रुपया चाले, तेथे आज रियाल आणि दिरहम आहेत. मुलांना दलाल आकडा सांगतो, मुले दराने गुणतात आणि हरखून जातात. आम्ही फळ्यावर आधी चिंचोक्यांच्या दोन रांगा काढतो. मग विचारतो: दर विकण्याचा की घेण्याचा? पैसे धाडताना कापतात किती? तेथल्या भाकरीला काय पडते? गुणाकार शाळेत शिकवतात. हे तीन प्रश्न मात्र मजुरालाच मजुराला शिकवावे लागतात.

ते म्हातारबुवा आज नाहीत. त्यांचा बुडालेला रुपया परत मिळाला नाही. पण त्यांनी त्याचा धडा केला, आणि तो धडा पुढे देताना आम्ही बट्टा कापलेला नाही.