आकाशातले इंटरनेट: वेगाआधी विलंब पाहा

उपग्रहावरून मिळणाऱ्या ब्रॉडबँडची जाहिरात एकाच आकड्यावर उभी असते: सेकंदाला किती मेगाबिट. मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथील एखाद्या घराने ही सेवा घ्यावी की नाही, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. आधी विलंब पाहावा लागतो.

भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. इस्रोचा 2018 मधला जीसॅट-11 याच जातीचा. घरातून निघालेली मागणी वर जाते, भूकेंद्रावर उतरते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. हा प्रवास सुमारे 1,43,000 किलोमीटरचा. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. यंत्रणेतला वेळ धरला की तो 600 मिलिसेकंदांच्या आसपास जातो. कितीही महागडा प्लॅन घेतला तरी तो कमी होत नाही. बँकेचे संकेतस्थळ उघडताना पत्ता शोधणे, जोडणी, सुरक्षा-तपासणी आणि प्रत्यक्ष मागणी अशा चारेक फेऱ्या होतात. म्हणजे पहिले अक्षर दिसेपर्यंत दोन-अडीच सेकंद गेलेच. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. ऑनलाइन शिकवणीत मात्र शिक्षकांचा पुढचा प्रश्न आणि मुलाचे आधीचे उत्तर एकमेकांवर आदळतात.

याउलट स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीचे उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवर फिरतात. जाण्यायेण्याचे अंतर 2,200 किलोमीटरच्या पुढेमागे, त्यामुळे विलंब साधारण 25 ते 60 मिलिसेकंदांवर येतो. विलंबाचा प्रश्न इथे सुटतो. वाटणीचा सुटत नाही. एका पट्ट्यातली सगळी घरे तीच क्षमता वाटून घेतात आणि संध्याकाळी ती अपुरी पडू लागते. शिवाय या उपग्रहांपैकी बहुतेकांची कक्षा विषुववृत्ताशी 53 अंशांनी कललेली असल्याने त्यांची दाटी युरोपच्या अक्षांशांवर जास्त, आपल्या 20 अंशांच्या आसपास बरीच कमी. तिकडची मोजमापे इकडे जशीच्या तशी लावणे चूक आहे.

मुसळधार पावसात डीटीएचचे चित्र गोठते, ते सर्वांनी पाहिले आहे. केयू आणि त्याहून अधिक केए या वारंवारता-पट्ट्यांतल्या लहरी पाऊस शोषून घेतो. डीटीएचची छत्री फक्त ग्रहण करते. इंटरनेटच्या छत्रीला पाठवावेही लागते, म्हणून पावसाचा फटका तिला दोन्ही दिशांनी बसतो.

विजेचा हिशेब जाहिरातीत कधीच नसतो. 75 वॅटची छत्री चोवीस तास चालली तर दिवसाला 1.8 युनिट, महिन्याला 54. भारनियमनात ती चालवायची तर इन्व्हर्टरचा खर्च वेगळा.

स्टारलिंकला भारतात जून 2025 मध्ये परवाना मिळाला. 5 नोव्हेंबर 2025 रोजी महाराष्ट्र सरकारने त्या कंपनीशी इरादापत्र केले. त्यात दुर्गम भाग म्हणून गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव यांची नावे घेतली गेली. आधी दुर्गम भाग, हा क्रम योग्यच आहे. धामणगाव बढेच्या गावठाणात ज्या घरापर्यंत फायबरची तार येऊ शकते, त्याने तारच घ्यावी. उपग्रहाची छत्री शोभते ती गावापासून लांब, शेतात राहणाऱ्या कुटुंबाला, जिथे तारही नाही आणि मोबाइलची रेंजही नाही. तिथेसुद्धा पैसे भरण्याआधी विक्रेत्याला दोन आकडे जरूर विचारा: रात्री आठ वाजताचा वेग आणि विलंब.